माल्कम यंग नसताना काढलेला एसी/डीसीचा 'पॉवर अप' खरा मानायचा का?

तुमचा प्रश्न असा आहे की एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा कणाच, म्हणजे ठेक्याची गिटार वाजवणारा माल्कम यंग, गेला, उरलेले म्हातारे पुन्हा जमले आणि त्यांनी अल्बम काढला, तर तो खरा मानायचा की जुन्या पाटीवर चाललेलं दुकान? आणि 'पॉवर अप'साठी वेळ घालवावा का?

खरा माना, आणि ऐकाच. पण कारण सांगायचं तर आधी ढोलाकडे जावं लागेल. रॉक बँड म्हणजे काय ते मला लग्नाच्या बँडने शिकवलं.

अमळनेरला कॉलेजात असताना सहा उन्हाळे मी पारोळा तालुक्यातल्या एका बँड पार्टीत कॅसिओ वाजवला. वरातीत सगळी नजर ट्रंपेटवाल्यावर. दहाची नोट त्याच्याच तोंडासमोर नाचवतात, फर्माईश त्यालाच सांगतात. ढोलावर आमचे नाना होते. साठीचे, काटकुळे, बँडचा लाल कोट अंगाला दोन मापं मोठा. वरात निघाली की त्यांची मान खाली ती खालीच. टिपरूने ढोलाच्या कडेवर दोनदा टक-टक केलं की गाणं बदलायचं, एकदाच केलं की मुखड्यावर परत यायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. बारा माणसं त्या टकटकीवर चालायची आणि नाचणाऱ्यांना तिचा पत्ताही नसायचा.

नाना वारले ते ऐन सीझनच्या तोंडावर. सुपाऱ्या घेऊन झालेल्या. मास्तरांनी ऑक्टोपॅडवाला (विजेवरचे ड्रम वाजवणारा) एक पोरगा आणला. आवाज दुप्पट झाला. धरणगावकडच्या एका लग्नात मारुतीच्या पाराशी पोहोचलो तेव्हा ट्रंपेट मुखड्यावर, मी अंतऱ्यावर आणि पॅडवाला तिसऱ्याच गाण्यात. तालात होता तो फक्त नवरदेवाचा घोडा. रात्री वरण-बट्टीच्या पंगतीत एक म्हातारबाबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "वाजस ते बेस, पन पाय उठतस नही रे भो." म्हणजे वाजतंय ते छान, पण नाचायला पाय उठत नाहीत.

माल्कम यंग हा एसी/डीसीचा नाना. शाळेचा गणवेश घालून स्टेजभर उड्या मारतो तो धाकटा भाऊ अँगस, त्याला जग ओळखतं. माल्कम मागे ॲम्पजवळ (गिटारच्या स्पीकरजवळ) उभा राहायचा, कोरसपुरता माइकपाशी यायचा आणि परत जागेवर. त्याच्या ग्रेच कंपनीच्या गिटारवरचे जास्तीचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) त्याने काढून टाकले होते, तारा खाली टेकतात त्या ब्रिजजवळचा तेवढा ठेवला. पण १९७३ साली सिडनीत बँड उभा केला तो या दोघा भावांनी, आणि बँडचा कारभार माल्कमच्या हातात. कुठलं रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) ठेवायचं, कुठे थांबायचं, हे तो ठरवायचा.

म्हणून 'गायक गेला तर बँड संपला' हे आपलं गणित इथे चालत नाही. त्यांचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला गेला. ब्रायन जॉन्सनला घेऊन त्याच वर्षी जुलैत 'बॅक इन ब्लॅक' बाहेर आला. कव्हर काळं, सुरुवातीला घंटेचे ठोके. तो पुढे जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम गेला आणि डिसेंबरात त्यांनी बँड थांबवत असल्याचं जाहीर केलं. एकाच वर्षातले हे दोन निर्णय. मला दोन्ही पटतात. गायक बदलला तर आवाज बदलतो, आणि आवाजाची कानाला सवय होते. ठेका धरणारा गेला की बाकीच्यांना पाय कुठे टाकायचा तेच कळत नाही. झेपलिनवाल्यांना ते उमगलं असावं, असं आपलं माझं मत.

माल्कमला स्मृतिभ्रंश झाला. २०१४ साली तो बँडमधून बाहेर पडला आणि १८ नोव्हेंबर २०१७ ला, वयाच्या ६४ व्या वर्षी गेला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी थोरला भाऊ जॉर्ज गेला होता. त्यांचे सुरुवातीचे अल्बम घडवण्यात जॉर्जचा मोठा हात. बाकी बँडचीही दैनाच. ड्रमर फिल रड न्यूझीलंडमध्ये कोर्टकचेरीत अडकलेला. २०१६ च्या दौऱ्यात ब्रायनच्या कानांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं की थांबा, नाहीतर ठार बहिरे व्हाल. उरलेला दौरा 'गन्स एन' रोझेस' या दुसऱ्या बँडच्या ॲक्सल रोझने गाऊन काढला. तो संपताच बासवाला क्लिफ विल्यम्सही निवृत्त झाला. (ब्रायनचं दुखणं मला जवळचं वाटतं. सहा उन्हाळे ताशाच्या उजवीकडे चालल्याने माझा डावा कान अजून रात्री शिट्टी वाजवतो.)

आणि मग हे सगळे २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात गुपचूप कॅनडातल्या व्हँकूवरच्या स्टुडिओत जमले. ब्रायनसाठी कानात घालायचं नवं यंत्र आलं होतं. माल्कमच्या जागी त्यांचा पुतण्या स्टीवी यंग. अल्बम तयार झाला तरी कोरोनामुळे लांबला.

तो आला १३ नोव्हेंबर २०२० ला. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. त्या वर्षीचा लग्नाचा सीझन एप्रिल-मेमध्येच बुडाला होता. पार्टीची वाद्यं मास्तरांच्या माळ्यावर चादरीत बांधून ठेवलेली, ट्रंपेटवाला भाजी विकायला लागलेला. घरात कापसाची वेचणी चालू आणि पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली. रात्री सगळे झोपल्यावर मी हेडफोन घेऊन त्या ढिगावर आडवा झालो. कापसाच्या खोलीत कधी बसला असाल तर ठाऊक असेल, तिथे बाहेरचा आवाज येतच नाही. गल्लीतले फटाकेसुद्धा दुसऱ्या गावात फुटल्यासारखे वाटतात. नाकात सरकीचा वास, मानेखाली बोंडाची टरफलं टोचताहेत आणि कानात पहिलं गाणं सुरू झालं.

पाय उठला, एवढं सांगतो.

बाराच्या बारा गाण्यांवर श्रेय अँगस आणि माल्कम दोघांचं आहे, आणि ते नुसतं मानाचं पान नाही. दोघा भावांनी रचून ठेवलेल्या रिफांचा मोठा साठा होता. २००८ च्या 'ब्लॅक आइस'च्या आधीच्या काळातल्या त्यातल्या बऱ्याच कल्पना वापरात आल्या नव्हत्या. अँगसने तो साठा उपसला आणि त्यावर गाणी उभी केली. म्हणजे ढोल दुसऱ्याने वाजवला, पण टकटक माल्कमची.

इथे पिंक फ्लॉइड या दुसऱ्या रॉक बँडची आठवण येते. त्यांचा कीबोर्डवाला रिक राइट २००८ साली गेला. २०१४ साली त्यांनी 'द एंडलेस रिव्हर' काढला तो बराचसा १९९३ च्या जुन्या रेकॉर्डिंगांवर बेतून, ज्यात राइटने स्वतः वाजवलेलं होतं. ऐकायला सुरेख आहे, पण फोटोला हार घालून समोर बसल्यासारखं वाटतं. 'पॉवर अप'मध्ये फोटो नाही, माणसाची सवय आहे, आणि सवय घरातल्या पोराच्या हातात उतरली आहे. स्टीवीने १९८८ च्या अमेरिका दौऱ्यातही काकाच्या जागी वाजवलं होतं, तेव्हा हा काही आयत्या वेळी धरून आणलेला पोरगा नव्हता.

आमच्या पार्टीतही शेवटी तेच झालं. पॅडवाला एका सीझनमध्ये कंटाळून गेला आणि ढोल मिळाला तो वरातीत डोक्यावर लाइट घेऊन चालणाऱ्या पोराला. चार वर्षं नानांच्या शेजारून चालला होता. पहिल्याच लग्नात त्याने कडेवर दोनदा टक-टक केलं आणि आम्ही सगळ्यांनी एकदम गाणं बदललं. ट्रंपेटवाल्याने वळून बघितलं, एवढंच.

आता कौतुक आवरतं घेतो. हा 'बॅक इन ब्लॅक' नाही. अल्बम उणापुरा ४१ मिनिटांचा, तरी मधली दोन-तीन गाणी एकमेकांच्या जागी ठेवली तर कळणार नाही. तिसरं, 'शॉट इन द डार्क', वाजून वाजून गुळगुळीत झालंय. ब्रायनच्या गळ्याचं वय कळतं, ते लपवायचा प्रयत्न नाही हे मला आवडलं. चौथं गाणं, 'थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम', मात्र जपून ऐका. जुन्या दिवसांबद्दलचं आहे आणि या बँडने इतकं हळवं क्वचितच काही केलंय. तरी रडगाणं होत नाही, कारण खालची गिटार एका लयीत चालूच राहते.

पुढे २०२४ च्या दौऱ्यात क्लिफ आणि फिलही नव्हते, पुतण्या होता. त्याला 'हा बँडच नाही' म्हणणारे आहेत. म्हणोत.

कसं ऐकायचं ते सांगतो. आधी 'बॅक इन ब्लॅक'मधलं कुठलंही गाणं लावा आणि अँगसचा सोलो (एकट्याची गिटार पुढे येते तो भाग) सुरू झाला की त्याच्याकडे लक्ष देऊ नका. खाली जी दुसरी गिटार न हलता चाललेली असते, तिच्यावर कान ठेवा. दोन-तीनदा ऐकल्यावर ती वेगळी काढता येते. मग 'पॉवर अप' लावा आणि तीच शोधा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात ती हरवते. हेडफोन घ्या. कापसाची खोली असेल तर उत्तम, पण विक्रीला गाडी यायच्या आत.