भाऊ दाराच्या चुकीच्या बाजूला का उभा राहतो

नौपाडा, ठाणे
रविवार, सकाळ

चि. — यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वर तुझं नाव घातलेलं नाही. कारण हे पत्र आधी तुझी आजी वाचणार आणि संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर वाचून दाखवणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तू पाठवलेला व्हिडिओ चार वेळा पाहिला. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं आणि तुमचा म्हातारा कुत्रा भाऊ बिजागरीच्या बाजूला, फटीत नाक खुपसून उभा. आत जायचंय, पण दार 'उघडत' नाही. मागून तुझा कोणीतरी मित्र ओरडतोय, "साहेब, प्रवेश पलीकडून!" मीही पोटभर हसलो. पाचव्यांदा मात्र आवाज बंद करून पाहिला. तूही तसा पाहा.

आमच्या कुत्र्याने, गुंड्याने, अगदी हेच केलं होतं. तळमजल्याच्या जुन्या घराचं दार, आणि तो रोज बिजागरीपाशी. आम्ही तीन महिने हसलो. बायको म्हणायची, "रिटायर झालेल्या माणसासारखं झालंय याचं, कुठे निघालो होतो तेच विसरतो." (मी त्याच वर्षी रिटायर झालो होतो.) मग तो दिवसा झोपायला आणि रात्री घरभर फिरायला लागला. एकदा पहाटे तीनला पाणी प्यायला उठलो, तर हा कपाट आणि भिंतीच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा. मागे कसं फिरायचं ते सुचत नव्हतं. तेव्हा कुठे त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "दाराच्या चुकीच्या बाजूला उभा राहतो का?" आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत बसलो. म्हातारपणी माणसाचा मेंदू थकतो तसा कुत्र्याचाही थकतो. ओळखीच्या घरात चुकणं, झोपेचं वेळापत्रक उलटं होणं, शिकलेली शिस्त विसरून घरात घाण करणं, ही त्याची लक्षणं. पूर्ण बरं करणारं औषध नाही, पण उपाय असतात. जेवणाच्या, फिरण्याच्या वेळा पाळायच्या, सोफे-टेबलं हलवायची नाहीत, रात्री एक छोटा दिवा चालू ठेवायचा. गरज पडली तर डॉक्टर गोळ्या देतात. आम्ही मात्र त्याच महिन्यात हौसेने दिवाणखान्याची मांडणी बदलली होती.

तुला 'हसू नका' असं मी सांगत नाहीये. तुमच्या घरात हसू आवरणं कोणालाच जमणार नाही. आजींनी कुत्र्याचं नाव भाऊ ठेवलं, तेव्हापासून फोनवरच्या तुमच्या निम्म्या बोलण्याचा अनर्थ होतो. "भाऊने परत सोफ्यावर केली" हे ऐकून तुझ्या बाबांचे सांगलीचे मामा दोन महिने तुमच्याकडे फिरकले नव्हते. तर हसा, व्हिडिओ काढा, फक्त ते पुसू नका. तारखेसकट ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात गेला की भाऊ टेबलावर शहाण्यासारखा उभा राहणार, सगळं विसरणं घरीच ठेवून येणार. आजीही तेच करतात, गुडघा दवाखान्याच्या पायरीवर दुखायचा थांबतो.

वयाचं म्हणशील तर 'एका वर्षाची सात' हा हिशेब सोडून दे. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं पहिलंच वर्ष माणसाच्या साधारण पंधरा वर्षांएवढं, दुसरं नऊएक वर्षांचं आणि पुढचं प्रत्येक पाचएक वर्षांचं. भाऊ 13 चा, म्हणजे ऐंशीच्या घरात. आजींच्या बरोबरीचा. त्यामुळे दोघांचे कान एकदमच गेले यात नवल नाही. त्या हाक मारतात, त्याला ऐकू येत नाही. तो भुंकतो, त्यांना ऐकू येत नाही. शंकरपाळ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं की मात्र दोघंही हजर. आजींचं गुपित मला माहीत नाही, भाऊचं नाक आहे. कान गेले तरी कुत्र्याचं नाक बराच काळ टिकतं. आतापासून हाताच्या खुणा शिकव. तळहात खाली म्हणजे बस, हात आपल्याकडे ओढला म्हणजे ये. झोपला असेल तर मागून अंगाला हात लावू नकोस, दचकून चावेल. शेजारी जमिनीवर थाप मार, ती त्याला जाणवते.

डोळे निळसर दिसतात म्हणून आजी त्याला स्वतःच्या मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांकडे न्यायला निघाल्या होत्या म्हणे. ती अपॉइंटमेंट रद्द कर. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यातलं भिंग घट्ट होऊन निळी झाक येते, त्याने नजर फारशी जात नाही. मोतीबिंदू पांढरट असतो, तो वेगळा. यातलं कोणतं आहे ते प्राण्यांचे डॉक्टर तपासून सांगतील.

घोडबंदरच्या तुमच्या नव्या फ्लॅटच्या फरश्या आरशासारख्या आहेत. त्यांवर भाऊचे मागचे पाय चार दिशांना जातात (दोनच पाय, पण जातात चार दिशांना). तिथे मॅच बघायला जमणाऱ्या टोळीला कामाला लाव. जुन्या योगा मॅट कापून पाण्याच्या वाटीपर्यंत रस्ता करा. त्याची नखं कापून घ्या, पंजांच्या गाद्यांमधले केस वाढले असतील तर तेही. आणि लंगडतोय म्हणून आपल्यातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम अर्धी मोडून द्यायची नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्यांचा जीव जाऊ शकतो. तुमच्या घरच्या काकांना हे दोनदा सांग.

प्रसादाचंही सांगून टाकतो. आमच्याकडे सत्यनारायण होता. आरतीत सगळ्यांचे डोळे मिटलेले, गुंड्याने शिऱ्याचं पातेलं अर्धं केलं. गुरुजी म्हणाले, "पुण्य लागेल हो त्याला." सगळे हसले. धाकटी सून तेवढी ओरडली, "शिऱ्यात बेदाणे आहेत!" द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले तर होतील याचा भरवसा नाही. रिक्षात मी सोवळ्यात, मांडीवर गुंड्या. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सगळं ओकवून काढलं, तेव्हा तो वाचला. त्यानंतर आमच्या शिऱ्यात बेदाणे पडलेले नाहीत.

लिफ्टवरून कटकट चालू आहे असं लिहिलंस. पाळीव कुत्र्याला सोसायटी लिफ्ट नाकारू शकत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना आहेत. त्याची प्रिंट खिशात ठेव, पण आधी घाण उचलायची पिशवी हातात दिसू दे. प्रिंट बहुतेक लागणार नाही.

फिरायला नेताना ओढू नकोस. आमचा तलावपाळीचा ग्रुप गुंड्यामुळेच टिकला. तिथल्या मासुंदा तलावाला एक फेरी मारायला त्याला तास लागायचा, प्रत्येक खांबाचा वास घेतल्याशिवाय पुढे पाऊल नाही. एकाचा गुडघा बदललेला, दुसऱ्याला दम, मला बोलायला वेळ हवा. उशीर कुत्र्यामुळे होतो असं घरी सांगता यायचं. वास घेणं हाच म्हाताऱ्या कुत्र्याचा पेपर, तो वाचू दे. एप्रिल-मेमध्ये मात्र उन्हं वर यायच्या आत परत ये. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघ, तुला चटका बसला तर त्यालाही बसतो.

पुढच्या रविवारी त्याला आणि आजींना घेऊन ये. आजींना कानाचं मशीन घालायला लाव. गेल्या वेळी मी "भाऊ कसा आहे?" विचारलं तर सांगलीच्या भावाच्या मूळव्याधीची हकीकत अर्धा तास ऐकावी लागली. येताना मामलेदारची मिसळ बांधून आण, तिघांपुरती. भाऊला त्यातलं काही नाही, कांदा त्याला विषासारखा. त्याच्यासाठी मी भोपळा उकडून ठेवतो.

तुझा,
काका

ता. क. आमच्या घराचं दार आता सरकतं आहे. बिजागरी नाही. गुंड्या गेल्यावर बसवलं.