अल्झायमरवर नवीन इंजेक्शन आलंय म्हणे, आईची स्टेज पुढे गेलीये, तरी देता येईल का?

स्पष्टच सांगतो, पुढच्या स्टेजला नाही देत. लेकानेमॅब (अमेरिकेत २०२३ ला पूर्ण मंजुरी) आणि डोनानेमॅब (२०२४) ही दोन्ही मुख्यतः सलाईनमधून देतात, मेंदूत साठलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन काढतात, पण फक्त अगदी सुरुवातीच्या पेशंटला, आणि गेलेली आठवण परत येत नाही, लेकानेमॅबच्या ट्रायलमध्ये १८ महिन्यांत घसरण साधारण २७ टक्के हळू झाली एवढंच. वर मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो म्हणून सारखे एमआरआय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टर बहुतेक नकोच म्हणतात.

आईंसाठी जुनीच औषधं, डोनेपेझिल, मेमँटिन वगैरे. गोळी थुंकून टाकत असतील तर रिव्हास्टिग्मिनचा पॅच विचारा, रोज जागा बदलून लावायचा आणि आधी कालचा काढायचा, हे घरात हमखास विसरतं कोणीतरी आणि डबल डोस होतो, मग उलट्या.

ओझेंपिकवाल्या सेमाग्लुटाइडची (डायबेटिस आणि वजनाचं औषध) पण हवा होती, २०२५ च्या ट्रायलमध्ये काही फायदा दिसला नाही. मला तरी पुढे जास्त आशा रक्तातून अल्झायमरची खूण शोधणाऱ्या पी-टाऊ २१७ टेस्टची वाटते, निदान लवकर झालं तरच ही इंजेक्शनं कामाची.