मोठ्याने ओरडतात त्या माद्या, त्यांना देऊन टाकू नका

दादा, ती दोन बदकं आज कुणाला देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी ऐका.

तुम्ही लिहिलंय की पाच पांढरी बदकं आहेत, सहा महिन्यांची झाली. त्यातली दोन दिवसभर कल्ला करतात, शेजारी वैतागलेत, म्हणून तेच नर समजून काढून टाकायचे. आणि आज सकाळी हौदाशेजारी पहिलं अंडं मिळालं, त्याचं काय करायचं? वाचून पोटात गोळाच आला, कारण मी हेच केलं होतं.

आमचं घर कळंब्याकडे. आधी कोंबड्याच होत्या, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं की आरवतो तो कोंबडा, म्हणजे जो ओरडतो तो नर. बदकांत नेमकं उलटं आहे. खणखणीत 'क्वॅक क्वॅक' करते ती मादी. नराचा आवाज घसा बसल्यासारखा, दबका, खरखरीत. दीड-दोन महिन्यांनंतर हा फरक कळायला लागतो. मला हे कुणी सांगितलं नाही. विचारायला गेले नव्हते असं नाही. जिथे हे माहीत असायला हवं अशा एका कार्यालयात दोनदा हेलपाटा घातला. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा सांगितलं, "रंगीत असतो तो नर." अहो, माझी सगळी पांढरीशुभ्र! तेवढं म्हटल्यावर उत्तर मिळालं, "मग अंडी घातली की कळेल." सुट्टी टाकून गेले होते, अजून राग येतो.

माझ्याकडे सात होती. तीन गोंगाट करणारी होती, ती कागलच्या एका ओळखीच्यांना देऊन टाकली. पंधरा दिवसांत त्यांचा फोन आला, "वहिनी, तिन्ही अंडी घालायला लागली." माझ्याकडे उरले तीन नर आणि एकच मादी, स्वभावाने शांत म्हणून वाचलेली. तिघे मिळून तिच्या मागे लागायचे. चोचीने मान धरून धरून मानेमागची पिसं गेली, कातडं लाल झालं. ती हौदात उतरायचीच बंद झाली. वेगळी ठेवायचं सुचलं तोवर उशीर झाला होता, ती गेली. एका नरामागे पाच-सहा माद्या हव्यात, हे मी त्या मादीवर शिकले.

तेव्हा आज संध्याकाळी एकेक बदक उचला आणि ऐका. शांत मादीसुद्धा हातात धरली की ओरडते. उचलताना कोंबडीसारखे पाय धरू नका, बदकाचे पाय नाजूक असतात. दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरा. मग शेपटी बघा. शेपटीच्या वर मधोमध दोन-तीन पिसं पुढे वळून गोल झालेली दिसली तर तो नर. बोटाने सरळ केली तरी परत वळतात. पण पिसं वळलेली नाहीत म्हणून मादी, असं मात्र धरू नका. पीसझड चालू असली की नराचीही ती पिसं पडतात. म्हणून माझा भरवसा आवाजावर. तोंडावर लाल गाठी असलेली मस्कोव्ही असतील तर यातलं काही लागू नाही. त्यांचा नर फुसफुसतो, पिसं वळत नाहीत, पण तो मादीपेक्षा चांगलाच थोराड असतो.

आता अंडं. ते धुऊ नका. टरफलावर नैसर्गिक थर असतो, तो गेला की घाण आत शिरते. चिखल कोरड्या फडक्याने पुसा. खायचं असेल तर फोडण्याआधी धुवा आणि पूर्ण शिजवा. बदकाचं अंडं अर्धकच्चं मी कुणालाच देत नाही, लहान पोरांना तर नाहीच. पहिली अंडी लहान असतात, एखादं मऊ टरफलाचंही निघतं, घाबरू नका. टरफल घट्ट व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात खायला ठेवा.

बदकं बहुतेक पहाटे घालतात, म्हणून नऊपर्यंत खुराडं उघडू नका, नाहीतर अंडी हौदात आणि गवतात शोधत बसाल. कोपऱ्यात कोरडं पिंजर टाका.

पिल्लांची घाई मात्र करू नका. सुरुवातीची अंडी खा, महिनाभराने चांगल्या आकाराची निवडून ठेवा, तीही आठवड्याच्या आतली. अंडी घालणाऱ्या जातींची बदकं स्वतः फारशी बसत नाहीत. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबडीखाली सहा-सातच ठेवा, अंडं मोठं असतं. २८ दिवस लागतात, मस्कोव्हीला ३५. सातव्या रात्री मोबाईलची बॅटरी लावून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय. नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर काढून टाका.

विषय नाही, तरी सांगते. पावसाळ्यात शेंगदाण्याची पेंड आणि मका हुंगून बघितल्याशिवाय घालू नका. बुरशीचं विष बदकांना कोंबड्यांपेक्षा फार लवकर बाधतं. थोडी जरी कुबट वाटली तर सगळी फेका, पैशाकडे बघू नका.

मी डॉक्टर नाही, बारा वर्षं पाळते तेवढंच. बदक मान टाकून बसलं किंवा अंडं अडकल्यासारखं कण्हत असेल तर मला विचारत थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. आवाज ऐकून झाला की किती नर, किती माद्या ते इथे लिहा. तीन नर निघाले तर त्यातले दोन कुठे द्यायचे ते बघू.