‘आंत्रशा’ म्हणजे मांजराची उडी का?

प्रश्न : बॅलेमधील ‘आंत्रशा’ या उडीच्या नावाच्या शेवटी ‘शा’ आहे आणि फ्रेंचमध्ये ‘शा’ म्हणजे मांजर. मग ही मांजराची उडी समजावी का? तिच्या नावापुढे चार, सहा असे आकडे कशासाठी जोडतात?

उत्तर : बॅलेमध्ये मांजराची उडी आहे, पण तिचे नाव ‘पा द शा’. ‘आंत्रशा’ची व्युत्पत्ती अगदी निराळी असून ती ‘काप्रिओला इंत्रेच्चाता’ या इटालियन संज्ञेपर्यंत जाते. ‘काप्रिओला’ म्हणजे उसळती उडी. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील शेळीवाचक शब्द आहे. ‘इंत्रेच्चाता’ म्हणजे गुंफलेली, कारण ‘त्रेच्चा’ म्हणजे वेणी. फ्रेंचांनी यातले विशेषण तेवढे उचलले आणि आपल्या उच्चाराच्या वळणावर नेले. म्हणजे मूळ संज्ञेत एक प्राणी होता खरा, पण फ्रेंच नावातून तोच गळाला.

गुंफण हेच या उडीचे मर्म आहे. नर्तक सरळ वर उडतो आणि हवेत असतानाच ताणलेले पाय झपाट्याने एकमेकांच्या पुढेमागे नेतो. आकड्यांची रीत मात्र नवख्याला हमखास चकवते, कारण पायांच्या प्रत्येक अदलाबदलीत दोन्ही पायांची हालचाल वेगवेगळी मोजली जाते; त्यामुळे ‘आंत्रशा कात्र’ या चाराच्या उडीत प्रत्येक पाय दोनदाच हलतो आणि ‘सीस’, म्हणजे सहाच्या उडीत, तीनदा. सम आकड्याची उडी दोन्ही पायांवर उतरते, विषम आकड्याची एका पायावर.

अठराव्या शतकात ही पुरुष नर्तकांची मिरास मानली जाई. 1726 मध्ये पॅरिस ऑपेरात पदार्पण केलेल्या मारी कामार्गो यांनी ‘कात्र’ करून ती मोडली, आणि पायांचे काम प्रेक्षकांना दिसावे म्हणून घागराही आखूड केला. माझ्या मते त्या काळात घागऱ्याची ती काही बोटे कमी करणे उडीइतकेच धाडसाचे होते.

ही उडी पाहायची असेल, तर 1841 मध्ये पॅरिसमध्ये प्रथम सादर झालेल्या ‘जिझेल’चा दुसरा अंक पाहावा. विली नावाच्या प्रेतात्म्यांनी मरेपर्यंत नाचण्याची शिक्षा दिलेला आल्ब्रेख्त अनेक प्रयोगांत एकामागून एक ‘सीस’ घेत राहतो. त्या वेळी पाय मोजण्याच्या नादात त्याचे खांदे आणि हात पाहायचे राहू देऊ नयेत. कसलेल्या नर्तकाच्या कमरेच्या वर त्या श्रमांची खूणही उमटत नाही.