'एनएसइंटीजर ऑब्जेक्ट' म्हणावं का?

ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रामिंग भाषेत एनएसस्ट्रिंग (मजकूर) आणि एनएसअ‍ॅरे (यादी) यांच्या व्हेरिएबलला स्टार (*) लागतो, मग एनएसइंटीजरला (पूर्णांक) का नाही, आणि 'एनएसइंटीजर ऑब्जेक्ट' असं म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आला आहे.

चालणार नाही. सगळा घोळ 'एनएस'मुळे होतो. ही अक्षरं नेक्स्टस्टेप या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळापासून चालत आली आहेत. त्यांवरून नावाचं मूळ कळतं, पण ते नाव क्लासचं आहे की साध्या टाइपचं, हे कळत नाही. एनएसइंटीजर हा क्लासच नव्हे, तो टाइपडेफ, म्हणजे साध्या पूर्णांक टाइपला दिलेलं दुसरं नाव आहे: ६४-बिटवर लाँग, जुन्या ३२-बिट आयफोनवर इंट. व्हेरिएबलमध्ये थेट आकडा बसतो. एनएसस्ट्रिंगच्या व्हेरिएबलमध्ये मात्र ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ता असतो, म्हणून तिथे स्टार.

सवयीने 'एनएसइंटीजर *काउंट = ५;' लिहिलं की कंपायलर हरकत घेतो. पण जुने कंपायलर नुसती वॉर्निंग देऊन पुढे जात, आणि खरी गंमत तिथून सुरू व्हायची. आता ५ हा आकडा राहिला नाही, पत्ता झाला. त्यात १ मिळवला की ६ येत नाहीत, १३ येतात! पॉइंटर (पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) एका घराने पुढे सरकतो आणि ६४-बिटवर ते घर ८ बाइटचं असतं. बेरीज चुकतेय म्हणून लोक लूप तपासत बसतात आणि चूक असते डिक्लरेशनमध्ये.

उलटी गल्लत जास्त छुपी. एनएसनंबर हा आकडा आत ठेवणारा खरा ऑब्जेक्ट, आणि लोक त्यालाच साधा आकडा समजतात. त्यात 'नो' (म्हणजे खोटं) ठेवून नुसतं 'इफ (फ्लॅग)' लिहिलं तर अट खरी ठरते, कारण तपासला जातो पत्ता, आणि तो निल (रिकामा) नाही. दोन एनएसनंबर '==' ने ताडले तरी तुलना पत्त्यांचीच होते. लहान आकडे बऱ्याचदा पॉइंटरमध्येच साठवले जात असल्याने ही तुलना कधीकधी बरोबर उत्तर देते. मला हे सरळ चुकण्यापेक्षा वाईट वाटतं. आकडा हवा तर आधी 'इंटीजरव्हॅल्यू' मागावी.

तेव्हा 'एनएसनंबर ऑब्जेक्ट' म्हणा, पण 'एनएसइंटीजर व्हॅल्यू' म्हणा. 'एनएसइंटीजरचा पॉइंटर' हा प्रयोगही योग्य जागी बरोबर आहे: मजकुरातून आकडे वाचणाऱ्या एनएसस्कॅनरची 'स्कॅनइंटीजर' मेथड वाचलेला आकडा कुठे ठेवायचा याचा पत्ता मागते. तिथे व्हेरिएबल स्टारशिवायच डिक्लेअर करायचं आणि मेथडला देताना त्याच्याआधी '&' लावायचं.