अंब्रेला स्कर्टची कंबर आणि इतर प्रश्न

शिवणकामातल्या मापांच्या हिशोबाचा तोच गोंधळ पुन्हा पुन्हा विचारला जातोय, आणि तोही कापड कापून झाल्यावर. म्हणून ही उत्तरं.

छातीच्या मापाच्या चौथ्या भागात मार्जिन (शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) धरलेली असते का?

नाही. 36 छातीचे 9 इंच हे नुसतं अंगाचं माप. सैल (अंगाला मोकळं राहावं म्हणून वाढवलेलं माप) आणि मार्जिन वेगळी.

कंबर 28. कमरेचा सहावा भाग त्रिज्या म्हणून घेऊन चौघडीवर (कापड चार पदरी दुमडून) अंब्रेला, म्हणजे पूर्ण गोल घेराचा स्कर्ट, कापला. कमरेची पट्टी लावताना कमरेचा गोल साडेचार इंच मोठा भरला. कापड ताणलं का?

थोडं ताणलंही असेल, पण मुळात हिशोब चुकला. त्रिज्या काढायला परीघाला 6.28 ने भागायचं असतं: 28 चे 4.46 इंच येतात. 'सहावा भाग' या ऐकीव नियमाने 4.67 येतात, म्हणजे परीघ 29.3. सव्वा इंच इथेच वाढला. उरलेलं मार्जिनने केलं. सरळ कडेला अर्धा इंच आत शिवलं तर लांबी तीच राहते. गोलात मात्र शिलाई अर्धा इंच बाहेर सरकते आणि परीघ 3.14 इंचांनी वाढतो, मग कंबर 24 असो की 44. म्हणून 4.46 मधून अर्धा इंच वजा करा आणि 4 इंचांच्या किंचित आतच कापा. लहान कापलेला गोल वाढवता येतो. मोठा झालेला लहान करता येत नाही! बाजूंना दोन जोड असतील तर त्यांत 2 इंच जातात. तेव्हा हिशोब 30 वर करायचा, अर्धा इंच वजा करून त्रिज्या सव्वाचारची येते. कमरेवर लगेच एक टीप मारा, कारण गोलात उरेब (तिरके, ताणले जाणारे) भाग येतातच. स्कर्ट एक दिवस टांगून ठेवा, मगच घेर जमिनीपासून मोजून दुमडा. भारी कापड असेल तर कात्री लावण्याआधी जाणत्या शिंप्याला आखणी दाखवा.

ब्लाउजच्या कमरेचा 1 इंची टक्स (फिटिंगसाठी शिवलेली निमुळती चुणी) बगलेच्या शिलाईत नेला. रुंदी तीच ठेवली, तरी फिटिंग का गेलं?

टक्समध्ये रुंदी नव्हे, कोन सांभाळायचा असतो. 4 इंच लांबीला 1 इंच रुंदी असेल, तर तोच कोन 8 इंचांवर 2 इंच उघडतो. छातीच्या टोकाशी कागद कापून फिरवा, रुंदी आपोआप मिळेल. टोक नेमकं कुठे येतं ते मात्र दुसऱ्याकडून मोजून घ्या.

34 च्या ब्लाउजचं पेपर कटिंग झेरॉक्सवर मोठं करून 40 चं होईल का?

नाही. सगळंच जवळपास 18 टक्क्यांनी वाढेल: 14 ची उंची साडेसोळा होईल, गळा खांद्यावरून उतरेल. छातीबरोबर खांदा तेवढा वाढत नसतो. 'एका फर्म्यात सगळी मापं' म्हणून विकणारे हे सांगत नाहीत. माप नव्याने घ्या, मांजरपाटावर कापून कच्चं शिवा आणि अंगावर घालून कटिंग शिकवणाऱ्या बाईंना मुंढा (बाही जोडायची गोलाई) दाखवा.