हात लावल्याने थांबणारे दुखणे खोटे असते का?

मानेच्या दुखण्याने त्रासलेल्या एका बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा दुखण्यापेक्षा संशयानेच त्या अधिक खचल्या होत्या. एमआरआयमध्ये विशेष काही निघाले नव्हते. फिजिओथेरपिस्टने मान आणि खांदे हाताने मोकळे केले की बराच आराम पडे आणि एक-दोन दिवसांत दुखणे पुन्हा डोके वर काढी. "नुसत्या हात लावण्याने थांबते, म्हणजे ते मनाचेच असणार," असे घरचे म्हणत. बाईंना मात्र भीती होती, की मणका सरकतो आणि दर वेळी तो जागेवर बसवावा लागतो.

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, हे मी त्यांना सांगितले. उपचाराच्या वेळी येणारा 'कट्' असा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी निगडित असतो. आराम पडतो तो मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश जाड, वेगवान तंतूंमधून मज्जारज्जूत पोहोचतात आणि बारीक तंतूंमधून येणाऱ्या वेदनेच्या संदेशांना तेथेच काही प्रमाणात अडवतात. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, गाभा मात्र टिकला. शिवाय मेंदूकडून खाली येणारे मार्गही वेदना दाबतात, आणि त्यात शरीराने स्वतः तयार केलेल्या अफूसदृश रसायनांचा वाटा असतो.

"मग माझ्या भरवशाचा यात काहीच भाग नाही?" त्यांनी विचारले. प्रश्न नेमका होता. भाग आहे; परंतु भरवशाने मिळणारा आरामही शारीरिकच असतो, कारण त्या रसायनांना रोखणारे नॅलोक्सोन हे औषध दिल्यास तो आराम कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. (घरच्यांना ऐकवण्यासाठी त्यांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतले.)

हा परिणाम बहुधा अल्पकाळ टिकतो, म्हणून आराम असलेल्या वेळातच हालचाल करावी, असे फिजिओथेरपिस्टच्या संमतीने ठरले. मान उजवीकडे वळवताना बाई श्वास रोखून धरत; श्वास सोडत सावकाश वळवल्यावर मान सहज पुढे जाऊ लागली. दुखणे पूर्ण गेलेले नाही, पण उपचारांच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत. हाताची ताकद कमी झाली, बधिरपणा वाढला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मात्र मान कोणाच्याही हाती न देता आधी डॉक्टरांना दाखवायचे, हेही त्यांना बजावून ठेवले आहे.